सोळाव्या वर्षीची शिवळ, बत्तिसाव्या वर्षीचं वॉरंट

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका बहिणीचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात देतो.

"वकीलकाका, नमस्कार. माझा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. गेल्या आठवड्यात गावच्या घरी पोलीस वॉरंट घेऊन आले. कागद कन्नडमध्ये, शेजारच्या मास्तरांनी वाचून सांगितला. फेब्रुवारी 2010 मध्ये गावच्या यात्रेत रिकामी गाडी ओढायच्या शर्यतीवरून भांडण झालं होतं. भावानं बैलांच्या जुवातली लोखंडी खुंटी, म्हणजे शिवळ, उपसली आणि एकाच्या हातावर घातली. त्याचं कोपर मोडलं. माणूस आमच्याच गल्लीतला. तेव्हा पंचांनी बसून मिटवलं, बाबांनी 15 हजार दिले. आम्हाला वाटलं, संपलं. भाऊ दोन तारखांना गेला, मग पुण्याला निघून गेला. जामीन मामानं उतारा लावून दिला होता. त्यालाही मध्ये कसलीशी नोटीस आली होती, ती त्यानं देव्हाऱ्यामागं खोचून ठेवलीय. केस कलम 326 ची आहे म्हणतात. शाळेत भावाची जन्मतारीख 1 जून 1993 आहे, आधारवर 1 जानेवारी 1992 आणि पोलिसांच्या कागदात वय 19 लिहिलंय. नववीतच शाळा सुटली, त्यामुळे एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क कार्ड नाही. वैशाखात त्याचं लग्न ठरलंय, मुलगी चंदगडकडची. कोर्टाच्या आवारातला ओळखीचा एकजण म्हणतो, गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका दिवसात मोकळे. दुसरा म्हणतो, वय कमी दाखवणारा दाखला करून देतो. गल्लीत लोक बोलतात, मिशावाला बाप्या आता पोर म्हणून सुटणार काय? काका, खरं सांगते, मलाही कधी कधी तसंच वाटतं. काय करू?"

पोरी, आधी त्या आवारातल्या माणसाचा फोन उचलणं बंद कर.

326 म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत (ती जुलै 2024 मध्ये बदलली, पण 2010 च्या गुन्ह्याला तीच लागते) धोकादायक हत्यारानं जबर दुखापत. शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा 10 वर्षांपर्यंत, आणि वर दंड. "नुसता दंड" असा पर्यायच त्या कलमात लिहिलेला नाही. कबुली दिली की दोषी ठरल्याची नोंद होणार, ती 32 वर्षांच्या माणसाच्या नावावर, आणि शिक्षा किती द्यायची हे त्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशांच्या हाती. एका दिवसात मोकळा होणार आहे तो तुम्हाला हा सल्ला देणारा.

पंचांनी मिटवलं म्हणतेस, तेही ऐक. असे "मिटलेले" खटले मी तीस वर्षं बघत आलो. गावात पानसुपारी झाली, पैसे दिले-घेतले, दोन्ही घरं एका पंगतीला बसली, आणि इकडे कोर्टात फाईल जिवंत. 326 हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही. हाड मोडलं आणि हत्यार नसलं तर 325 लागतं, तिथं कोर्टाच्या परवानगीनं तडजोड चालते. शिवळ लोखंडाची निघाली म्हणून कलम बदललं आणि पंचांचा कागद कोर्टाच्या दृष्टीनं रद्दी झाला. खरोखरची तडजोड करून केस रद्द करून घ्यायची तर धारवाडच्या हायकोर्टाच्या पीठाकडे जावं लागलं असतं. 2010 मध्ये हे तुमच्या पंचांना कोण सांगणार?

आता वय. तुझ्या पत्रातला खरा जीव इथं आहे.

गुन्ह्याच्या दिवशी वय 18 पूर्ण नसेल, तर माणूस आज कितीही वर्षांचा असो, त्या गुन्ह्यापुरता कायदा त्याला मूल धरतो. खटला नेहमीच्या कोर्टात चालत नाही, बाल न्याय मंडळाकडे जातो. मंडळ म्हणजे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक, त्यांत एक तरी बाई. ते प्रत्येक जिल्ह्यात असतं, आपल्या बेळगावलाही आहे. "मी तेव्हा अल्पवयीन होतो" हे कोणत्याही कोर्टापुढे, कोणत्याही टप्प्यावर म्हणता येतं, अगदी खटल्याचा शेवटचा निकाल लागून गेल्यावरसुद्धा. तू कुठंतरी वाचलं असशील की 16 ते 18 मधल्या पोरांवर मोठ्यांसारखा खटला चालवता येतो. ती तरतूद 2015 च्या कायद्यानं आणली, तो जानेवारी 2016 मध्ये लागू झाला, आणि तीही फक्त अतिगंभीर गुन्ह्यांना, म्हणजे ज्यांत कमीत कमी शिक्षाच 7 वर्षांची आहे. तुझ्या भावाचं भांडण 2010 चं. तेव्हा 2000 सालचा कायदा होता आणि त्यात अशी वाटच नव्हती. तो धाक मनातून काढून टाक.

मग वय कुठलं धरायचं? तीन कागद, तीन वयं. शाळेच्या हिशेबानं यात्रेच्या दिवशी तो 16 वर्षं 8 महिन्यांचा. आधारच्या हिशेबानं 18 वर्षं आणि एक महिना. पोलिसांच्या हिशेबानं 19.

पोलिसांचं 19 कुठून आलं ते तू विचारलं नाहीस, मी सांगतो. उंची बघून. नाहीतर ठाण्यात दरडावून "वय किती रे" म्हटल्यावर पोरानंच छाती काढून सांगितलं असेल. यात्रेत मारामारी करून आलेला सोळा वर्षांचा पोरगा स्वतःला कधी सोळाचा म्हणवून घेतो का? माझ्या एका पक्षकारानं तर 21 सांगितलं होतं, कारण त्याच्या सोबतचे सगळे 21 चे होते. ते 21 पुसायला आम्हाला चार वर्षं लागली.

कायद्यात कागदांची उतरंड ठरलेली आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार या उतरंडीत कुठंच बसत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात हेच म्हटलं: आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या वरचढ. आधारवरची ती 1 जानेवारी कशी पडली असेल, याचा अंदाज कुणालाही येईल. कॅम्पमध्ये रांग मोठी, ऑपरेटरनं साल विचारलं, कुणीतरी अंदाजानं सांगितलं आणि त्यानं वर्षाचा पहिला दिवस टाकून दिला.

आता तू मनात म्हणशील, काका, 1 जून तरी कुठं खरी? मान्य. आपल्या भागात एका पिढीतली निम्मी गावं 1 जूनला जन्मलेली आहेत. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा, मास्तर विचारायचे, "तारीख?" बाप म्हणायचा, "पेरणीच्या आधी झाला बघा." मास्तर लिहायचे 1 जून. माझी स्वतःचीही तीच आहे. घरी मात्र आई माझा वाढदिवस दसऱ्याच्या आसपास धरायची. पण त्या 1 जूनचं वैशिष्ट्य हे, की ती लिहिली तेव्हा तुझा भाऊ सहा वर्षांचा होता. त्या दिवशी ना शिवळ होती, ना कोपर, ना कलम. दहा वर्षांनी होणाऱ्या भांडणात फायदा व्हावा म्हणून कुणी ती लिहिलेली नाही. शाळेच्या नोंदीवर भरवसा ठेवतात तो यासाठी.

आणि म्हणूनच त्या दुसऱ्या माणसाचा "करून देतो" वाला दाखला चुलीत घाल. एक तर तुम्हाला त्याची गरजच नाही. दुसरं, या चौकशीत शाळेला कागद घेऊन बोलावतात. हेडमास्तर मूळ प्रवेशाचं रजिस्टर घेऊन उभे राहिले, त्यात 1 जून आणि तुमच्या हातातल्या कागदावर भलतंच, की खरा दाखलाही खोट्याच्या पंगतीत जाऊन बसला. शिवाय तो गुन्हा तुझा भाऊ आज, 32 व्या वर्षी करेल. त्याला कुठलं मंडळ वाचवणार?

एक बारकी गोष्ट, जी नवखे वकीलही विसरतात. वयासाठी नुसतं प्रतिज्ञापत्र चालत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. आईनं नोटरीसमोर शंभराच्या स्टॅम्पवर अंगठा उठवून भागणार नाही. ज्या शाळेत पहिलीला नाव घातलं, तिथलं रजिस्टर लागेल. तुमची शाळा मराठी, रजिस्टर मराठी आणि कोर्टाचं काम कन्नडमध्ये, तेव्हा त्या पानाचं भाषांतर आधीच करून घ्या. साक्षी चालू असताना भावाला कन्नड कळत नसेल तर त्याला समजेल अशा भाषेत सांगणं हे कोर्टाचं काम आहे, मेहेरबानी नाही. मागायला लाजू नका.

आता गल्लीतला प्रश्न, जो तुझाही आहे. मिशावाला बाप्या पोर म्हणून का सुटावा?

एक काळ असा होता, की कायदाही जवळजवळ गल्लीसारखंच बोलायचा. 2000 साली सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात म्हटलं गेलं, की वय बघायचं ते कोर्टासमोर आणलं त्या दिवसाचं. त्याचा अर्थ काय होतो बघ. पोरगं साडेसतरा वर्षांचं आहे, पोलिसांनी सहा महिने शोधलंच नाही, वाढदिवस उलटला की मग उचललं. पोर मोठं झालं. म्हणजे गुन्हा कुणी केला हे पोलिसांच्या सवडीवर ठरणार. 2005 मध्ये घटनापीठानं ते बदललं: वय गुन्ह्याच्या दिवशीचं. शिवळ उपसली ती सोळा वर्षांच्या हातानं. डोकं तापलेलं, भोवती ओरडणारी माणसं, पुढचं काही न दिसणारं वय. आज त्याला चाकणच्या मशीनवर सुपरवायझर दोन शब्द बोलला तर तो पाना फेकून मारतो का? तूच सांग. तेव्हाच्या पोराची शिक्षा आजच्या माणसाला देऊन टाकली, तर तो पोरगा काही तिथं हजर नसतो.

पुण्यात 1994 मध्ये एका घरातल्या सात जणांचा खून झाला होता. जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यातल्या एका आरोपीला 1998 मध्ये फाशी सुनावली. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं, कारण राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा निघाला. 28 वर्षं तो आत होता, बराचसा काळ फाशीच्या छायेत. ते खून भयंकर होते, त्या घराचं दुःख कुणी कमी लेखू नये. पण शाळेच्या रजिस्टरातली ती ओळ 1994 मध्येही तिथंच होती. जाऊन बघितली कुणी नाही. म्हणून मी तुला दाखल्यासाठी एवढं पिडतोय.

तर शिवळीपुरतं हे असं. मंडळानं दोषी धरलं तरी समज देणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, असे मार्ग आहेत. जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, पण 32 वर्षांच्या माणसाला पोरांच्या गृहात नेऊन कोण ठेवणार? उत्तर प्रदेशातल्या 1988 च्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये प्रकरण मंडळाकडे पाठवलं ते दंड किती लावायचा, एवढं ठरवायला. वर, या कायद्याखाली दोषी ठरला तरी त्यामुळे नोकरी-बिकरीसाठी अपात्रता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदही काढून टाकायची असते.

पण तुझ्या मनात जी खुटखुट आहे ना, ती चुकीची नाही. फक्त तिची जागा वेगळी आहे.

सोळाव्या वर्षी शिवळ मारली ती पोरानं. जून 2011 मध्ये तो 18 चा झाला. त्यानंतर जितक्या तारखा चुकवल्या, त्या सगळ्या मोठ्या माणसानं चुकवल्या. पंचांनी मिटवलं असं वाटलं, हे पहिल्या वर्षी ऐकून घेईन. पण दोन तारखांना उभा राहिलेल्या माणसाला केस चालू आहे हे कळलेलं असतं. आणि कायद्यालाही हा फरक कळतो. कोर्टानं त्याला फरारी म्हणून जाहीर केलं असेल आणि तरी तो हजर झाला नसेल, तर तो स्वतंत्र गुन्हा होतो, 174 अ, तीन वर्षांपर्यंत, आणि तो झाला तेव्हा तुझा भाऊ मूल नव्हता. म्हणून वकिलाला पहिल्या दिवशी एकच काम सांग: फाईल बघून या. नुसतं वॉरंट आहे, आरोपी सापडत नाही म्हणून केस लाँग पेंडिंगमध्ये, म्हणजे बाजूला टाकलीय, की फरारीचा जाहीरनामा निघालाय? पुढचं सगळं त्यावर ठरेल.

भावानं पोलीस चाकणला येण्याची वाट बघू नये. रजा टाकून यावं, स्वतः वकिलासोबत खानापूरच्या कोर्टात उभं राहावं, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज आणि अल्पवयाचा अर्ज एकाच दिवशी द्यावेत. स्वतः हजर झालेला आणि धरून आणलेला, यांच्याकडे बघायची न्यायाधीशांची नजर वेगळी असते. बाल न्यायाच्या कायद्यात जामीन हाच नियम, नाकारायला खास कारण लागतं. वकिलाच्या फीची अडचण असेल तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, नाहीतर 15100 ला फोन लाव.

आता कोपरवाला. पत्रात तू त्याच्याबद्दल दीडच ओळ लिहिलीस: "तो आजही भाकरी मोडताना हात टेबलाला टेकवतो, गणपतीत आमच्या दारावरून जाताना मान खाली घालतो." मला तुझं सगळं पत्र विसरता येईल, ही ओळ नाही. मान त्यानं का खाली घालावी?

त्याच्याकडे आत्ता कुणी जाऊ नका. तो साक्षीदार आहे. साक्षीच्या आधी पैशाचं पाकीट घेऊन दारात गेलात, तर तुमच्या मनात काही असो, कागदावर ते साक्षीदाराला फोडणं होतं, आणि त्याच्या जिवालाही ते धमकीसारखंच वाटेल. गल्लीतल्या कुणा आण्णालाही मध्ये घालू नका. त्याची साक्ष होऊ दे, त्याला जे सांगायचंय ते साक्षीत सांगू दे. सोळा वर्षांत त्याला कुणी विचारलेलं नाही. 15 हजार ठरले तेव्हाही पंच आणि तुझे बाबाच बोलले असतील, त्याचा हात प्लास्टरमध्ये असेल. साक्ष झाल्यावर तुझ्या भावानं एकट्यानं जावं. तू नाही, बाबा नाहीत. काय बोलायचं ते मी लिहून देणार नाही.

लग्नाचं. मुलीला सांगायचं. मध्यस्थाकरवी नाही, तिच्या बापाला नाही, तिला, आणि तुझ्या भावानं. कायदा म्हणतो ही नोंद पुढं कुणाच्या आड येऊ नये, ते बरोबरच आहे, आणि कंपनीच्या फॉर्मबद्दल मी तसंच सांगेन, तेही वकिलाला विचारून. पण संसार म्हणजे फॉर्म नव्हे. शिवाय वॉरंट रद्द व्हायच्या आत वैशाख उजाडला आणि हळदीच्या दिवशी जीप दारात थांबली, तर त्या पोरीनं कुणाकडे बघायचं? तारीख पुढं ढकलावी लागली तर ढकला. मृगात लग्न केलं म्हणून कुणाचं वाईट झाल्याचं माझ्या माहितीत नाही, चिखल तेवढा होतो.

राहिला मामा. त्याचं तू जाता जाता लिहिलंस, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. भाच्यासाठी उतारा लावला, भाचा तारखेला गेला नाही, म्हणजे जामिनाची रक्कम मामाकडून का वसूल करू नये अशी ती नोटीस असणार. कन्नड वाचता येत नाही म्हणून त्यानं ती देव्हाऱ्यामागं ठेवली, देवाला तरी कन्नड येत असेल म्हणून. ती आजच काढून घे, तारीख बघ आणि फोटो काढून वकिलाला पाठव. सोमवारी कोर्टात जाताना मामाला सोबत न्या, आणि त्याच्या एसटीचं तिकीट भावाला काढू दे.